पहिली ओळ

खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना वाचता येत नाही, हे अख्ख्या गव्हाण गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. ती त्यांची बायको गोदूबाई. २००९ च्या पावसाळ्यात ती कावीळ होऊन गेली आणि त्यानंतर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांचं नाव काशिराम. गोदूबाई गेली तेव्हा वय पन्नाशीच्या अलीकडे. अंगाने काटक, आवाज मोठा, आणि शब्दाला वजन. पागाचं जाळं फेकावं तर त्यांनीच, असं जुने लोक म्हणत. जिताडा मासा कुठल्या वळणावर येऊन थांबला असेल, हे ते नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगायचे. होड्या बांधायच्या जागेवरून दोन घरं भांडली की निवाडा त्यांच्या ओट्यावर व्हायचा. शाळेत मात्र ते चार-सहा महिनेच गेले होते. बापाने होडीवर घातलं, आणि राहिलं ते राहिलंच. सही तेवढी झोकदार करत. ती त्यांनी चित्र शिकावं तशी शिकून घेतली होती.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी दोघं पनवेलच्या बाजारात गेली होती. परतताना काशिरामांनी बायकोला मोठ्या रुबाबात ज्या गाडीत बसवलं ती पेणला जाणारी निघाली. गोदूबाई चौथी शिकलेली. ती वाटेत उतरताना काही बोलली नाही, घरी येऊनही बोलली नाही. पण पुढे स्टँडवर गेली की प्रत्येक गाडीची पाटी ती स्वतःशीच म्हणावी तशी म्हणायची, नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सोसायटीचे कागदही ती रात्री जेवणं झाल्यावर असेच वाचायची. तीस वर्षं दोघं या विषयावर एक शब्द बोलली नाहीत.

ती गेल्यावर काशिरामांनी युक्त्या शोधल्या. कागद पुढे आला की चष्मा घरी राहिलेला असायचा. किंवा ‘ठेव, निवांत बघतो’ म्हणून तो खिशात जायचा आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कारकुनाला ते विचारायचे, “तुझं काय मत हाय ह्याच्यावर?” कारकून मत सांगता सांगता कागदात काय आहे तेही सांगून जायचा. चहाच्या टपरीवर पेपर हातात धरून बसायचे, शेजारचा बातमी मोठ्याने वाचायचा आणि हे त्यावर दोन वाक्यं बोलायचे. गावाची खात्री होती की आपला अध्यक्ष रोज पेपर वाचतो.

२०१२ साली मिताली नावाची एक मुलगी गावात यायला लागली. नवीन पनवेलला राहायची, पर्यावरणाचं शिक्षण घेतलेली, तिथल्याच एका संस्थेत नोकरीला. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाने तीन देशांतल्या तीन खाड्या निवडल्या होत्या. एक बांगलादेशातली, एक केनियातली आणि एक ही; इथलं काम मितालीच्या संस्थेकडे होतं. तिन्हीकडच्या कोळ्यांना मोबाइल द्यायचे, त्यांनी रोज पाण्याची आणि मासळीची खबर त्यावरून पाठवायची, आणि ती खबर एका नकाशावर रंगांत उमटायची. पाणी चांगलं तिथे हिरवा, बिघडलं तिथे लाल. तिन्ही देशांची माणसं हा नकाशा पाहणार होती. एका देशाला सापडलेला उपाय दुसऱ्याला कळणार होता, आणि वर्षअखेरी हा नकाशा मोठ्या परिषदेत मांडला जाणार होता. मिताली गावच्या सभेत म्हणाली की खाडीचं दुखणं कोळ्याइतकं कुणालाच कळत नाही, पण त्याचं म्हणणं कागदावर येत नाही म्हणून कुणी ऐकत नाही. आता ते ऐकलं जाईल. हे बोलणं काशिरामांना फार पटलं.

गव्हाणच्या वाट्याला एकच फोन होता; तो कुणाकडे द्यायचा, हा प्रश्नच नव्हता. मितालीने एकदाच विचारलं, “काका, मराठी वाचायची काही अडचण नाही ना?” काशिरामांनी तोंड उघडायच्या आत गणूने, त्यांच्या होडीवरच्या जुन्या जोडीदाराने, उत्तर दिलं. “आमचा दादा रोज पेपर वाचतो.” सगळे हसले. काशिरामही हसले.

तिने फोन कसा चालवायचा ते तिथेच दाखवलं. तीन प्रश्न होते: पाणी कसं आहे, मासळी किती मिळाली, मेलेले मासे दिसले का. प्रत्येकाखाली तीन ओळी, त्यातली एक दाबायची. मग पाण्याचा फोटो काढायचा आणि खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबून पाठवायचा. त्या दिवशी पाणी चांगलं होतं, मासळी नेहमीसारखी होती, मेलेलं काही नव्हतं. तिने तिन्ही वेळा पहिली ओळ दाबली. फोनमधून छोटीशी घंटी वाजली. काशिरामांनी तिचं बोट कुठे कुठे गेलं ते नीट पाहून ठेवलं. वर, वर, वर, फोटो, कोपरा, घंटी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. सणावाराला नाही, तापातही नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. फोटो काढायचा तर होडी स्थिर करून, उन्हाकडे पाठ करून काढायचे. ओळींत काय लिहिलंय हे ठाऊक नसलं तरी ते त्यांना फारसं टोचत नव्हतं. खरी खबर म्हणजे फोटो, ओळी म्हणजे नुसती दाराची कडी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. सून कोमल दहावी झालेली. ती एकदा म्हणाली, “बाबा, बघू का मी काय येतं त्यावर?” त्यांनी फोन खिशात घातला आणि हे खेळणं नाही, असं तिला सुनावलं.

सहा महिन्यांनी मितालीने येऊन सांगितलं की तिन्ही देशांत सगळ्यात नियमित खबर काशिरामांची आहे. फिनलंडहून एक प्रशस्तिपत्र आलं. परेशने, त्यांच्या मुलाने, ते काचेत बसवून घेतलं. परेश जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. बापाचं नाव परदेशात गेलं हे त्याने यार्डात सगळ्यांना सांगितलं.

त्याच सुमारास खाडीचं पाणी फिरलं. वरच्या अंगाला एका कारखान्याचा नाला येऊन मिळत होता. दिवाळीनंतर त्यातून काळं, तेलकट पाणी यायला लागलं. आधी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या दिसेनाशा झाल्या. मग बोईट पांढरी पोटं वर करून काठाला लागली. चिंबोऱ्या हातात घेतल्या तरी नांगी उगारत नव्हत्या. बायका पनवेलच्या मासळी बाजारात पाट्या घेऊन बसल्या की गिऱ्हाईक वास घेऊन पुढे जायचं.

काशिराम रोज त्या मेलेल्या माशांचे फोटो काढत होते. एके दिवशी पहिली ओळ दाबताना त्यांचं बोट थांबलं. आज काहीतरी वेगळं दाबायला हवं असं त्यांना वाटलं. पण दुसऱ्या ओळीत काय असेल? ‘वाईट’ असेल की ‘फार चांगलं’ असेल? तिसरी दाबली आणि घंटी वाजलीच नाही तर? कोमल दहा पावलांवर जाळं सुकवत होती. त्यांनी तिला हाक मारली नाही. पहिली ओळ दाबली. घंटी वाजली, आणि त्यांना हायसं वाटलं. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांनी मितालीला सांगितलं की सगळ्या प्रकरणात त्यांना त्या हायसं वाटण्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

नाला बंद करावा म्हणून गावाने सरकारकडे अर्ज केला. मार्च महिन्यात पनवेलच्या कचेरीत सुनावणी लागली. चाळीस माणसं टेंपोतून गेली, काशिराम पुढे. त्यांनी नाला, काळं पाणी, मेलेली मासळी, सगळं पोटतिडकीने सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कारखान्याचा वकील उठला आणि त्याने एक रंगीत कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो मितालीच्या संस्थेचा नकाशा होता, कुणालाही इंटरनेटवर पाहता येणारा. दिवाळीपासून मार्चपर्यंत ही खाडी त्यावर हिरवीगार होती. रोजची नोंद: पाणी चांगलं, मासळी नेहमीसारखी, मेलेले मासे नाहीत. नोंद करणाऱ्याचं नाव काशिराम. वकिलाने फक्त एवढंच विचारलं, की अर्जदारांचे अध्यक्ष परदेशी संस्थेला एक सांगतात आणि सरकारला दुसरं, तर खरं कुठलं धरायचं?

साहेबांनी काशिरामांकडे पाहिलं. कागद त्यांच्या हातात दिला. काशिराम त्या कागदाकडे बघत राहिले. हिरवा रंग तेवढा त्यांना कळत होता. चाळीस माणसांच्या देखत त्यांनी तो घडी घालून परत टेबलावर ठेवला. अर्ज फेटाळण्यात आला.

टेंपोत कुणी त्यांच्या शेजारी बसलं नाही. गव्हाण येईपर्यंत गावाने निकाल दिला होता: दादाने पैसे खाल्ले. गणू दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या होडीवर जाऊ लागला. टपरीवर काशिराम आले की बोलणं थांबायचं. भरबाजारात ठमाबाई, गोदूबाईची सख्खी मैत्रीण, त्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की गोदू वेळेवर गेली, बरं झालं.

घरी परेश चार दिवस यार्डातून उशिरा येत होता. पाचव्या दिवशी बापाला जेवायला वाढलेलं असताना त्याने विचारलं, “बाबा, किती घेतलेत?”

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मला वाचता येत नाही, म्हणून पहिली ओळ दाबत गेलो. काशिरामांनी ते वाक्य ओठांपर्यंत आणलं. समोर भिंतीवर काचेतलं प्रशस्तिपत्र होतं, आणि सून भाकरी घेऊन दारात उभी होती. त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला. परेशने त्याचा अर्थ लावायचा तो लावला. तो उठून गेला, आणि त्या दिवसापासून बापाशी बोलेनासा झाला.

अडाणी ठरण्यापेक्षा चोर ठरलेलं त्यांना परवडलं. पुढे ते हे असंच सांगायचे, स्वतःला कुठेही सूट न देता. चोराला निदान लोक घाबरून असतात. अडाण्याला हसतात.

मिताली त्या दिवसांत पुण्याला कुठल्याशा प्रशिक्षणात होती. तिला कळलं तेव्हा ती धावत आली. ओट्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदाच काशिरामांचे फोटो एकेक करून पाहायला लागली. तीनशेच्या वर होते. काळं पाणी, तेलाचा तवंग, उलटी पडलेली बोईट, चिखलात रुतून मेलेल्या चिंबोऱ्या. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर वेळ. नकाशाला रंग मिळायचा तो ओळींवरून, म्हणून हे फोटो ना पनवेलला कुणी उघडले होते, ना फिनलंडला. मग तिने विचारलं, “काका, फोटोत हे दिसतंय, मग खाली चांगलं का लिहिलंत?”

“लिवलं नाय,” काशिराम म्हणाले. “दाबलं. तू दाबलं होतंस तसं. मला वाचता येत नाय.”

मितालीचं तोंड उतरलं. वर्षभरात ती पंचवीस वेळा तरी या ओट्यावर चहा पिऊन गेली होती. तिला एकदाही शंका आली नव्हती, कारण तिला ती यायला नकोच होती. नियमित खबर येत होती, अहवाल छान होत होते, वरचे लोक खूश होते. तिने त्यांचे हात धरले आणि सांगितलं की हे कुणाला सांगायची गरज नाही. फिनलंडहून आनिका नावाच्या बाई तीन आठवड्यांनी येणारच आहेत, त्यांच्याच विद्यापीठाने हे सगळं बनवलंय. तेव्हा सभेत सांगू की यंत्रात बिघाड झाला, ओळी उलट्या नोंदल्या गेल्या. फोटो पुरावा आहेत. काकांचं नाव धुऊन निघेल.

काशिराम ‘बरं’ म्हणाले. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. सभेपर्यंतचे दिवस त्यांनी असे काढले, की जणू यंत्रच बिघडलं होतं.

सभा देवळासमोरच्या मांडवात झाली. आनिका चाळिशीची, उन्हाने लाल झालेली, बोलायला हळू बाई होती. लॅपटॉपवर केनियाच्या किनाऱ्यावरची माणसं दिसत होती, तीही ऐकणार होती. मितालीने गावाला सांगितलं की यंत्राच्या चुकीमुळे चांगल्या माणसावर आळ आला. फोटो पडद्यावर दाखवले. मग आनिका उठली; तिलाही बिघाडच खरा वाटत होता. तिने हात जोडले आणि इंग्रजीत माफी मागितली. आमच्या चुकीमुळे तुमचा अर्ज फेटाळला गेला, असं मितालीने तिचं बोलणं मराठीत सांगितलं. बोलताना त्या बाईचे डोळे भरून आले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गणू उठून आला आणि काशिरामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दादा, माफ कर. आमी माणूस वळखला नाय.” ठमाबाई पदराने डोळे पुसत होती.

तीन आठवडे काशिरामांना जे हवं होतं ते हेच होतं. पण खांद्यावरचा गणूचा हात त्यांना सहन होईना. परक्या देशातली बाई न केलेल्या चुकीसाठी रडते आहे, आणि आपण तिच्या आडोशाला बसलो आहोत. ते उठले. मितालीने डोळ्यांनी ‘नको’ म्हटलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“बिघाड-बिघाड कायबी नव्हता,” ते म्हणाले. “मला वाचता येत नाय. पयल्यापासून नाय. गोदू होती तवा ती वाचायची. मी वरीसभर पयली ओळ दाबत गेलो. मासं मरताना मला शंका आली होती. तरी कुणाला इचारलं नाय. लाज वाटली. तुमचा अर्ज माझ्यापायी गेला.”

मांडवात मागे एक जण हसला, मग थांबला. आनिकाने मितालीला विचारलं, ते काय म्हणाले? मितालीला ते सांगावं लागलं, आणि बिघाडाची गोष्ट आपण रचली हेही. आनिका खाली बसली. मग तिने विचारलं की वाचणाऱ्याखेरीज कुणाला वापरता येणार नाही अशी वस्तू आपण कोळ्याच्या हाती दिली आणि वर्षभर एकही फोटो उघडला नाही, तर ह्यात एकट्या त्यांचीच चूक कशी? मितालीने ते मराठीत सांगितलं. काशिरामांनी ऐकलं, पण त्यांना त्याने बरं वाटलं नाही. उलट, आपली चूक वाटून घ्यायला कुणीतरी आलंय याचाच त्यांना संकोच वाटला.

लॅपटॉपवर केनियातली माणसं आपसात काहीतरी बोलत होती. आठवड्याने तिकडून पत्र आलं. तिथल्या नऊ जणांपैकी चार जण पहिलीच ओळ दाबत होते. बांगलादेशातही दोन सापडले. पुढच्या वर्षी तिन्हीकडचा फोन बदलला. ओळींच्या जागी चित्रं आली, आणि बोलून खबर द्यायची सोय आली. कुठली चित्रं ठेवायची ते तिन्ही किनाऱ्यांच्या लोकांनी मिळून ठरवलं. मेलेल्या माशाचं चित्र कसं असावं यावर गव्हाणच्या बायकांनी केनियाच्या बायकांशी तासभर वाद घातला म्हणतात.

तारखा असलेले फोटो जोडून गावाने पुन्हा अर्ज केला. या वेळी तपासणी झाली, नाल्यावर बंदी आली. ती किती पाळली गेली हा वेगळा विषय. त्या सालची मासळी मात्र गेली ती गेलीच. सहा घरांनी होड्या विकल्या. सुनावणीनंतर आपल्या गप्प राहण्यात दोन महिने गेले, तेवढ्यात ही सहा घरं बसली, असं काशिराम धरून चालायचे. लोक तसं म्हणत नव्हते. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. लोकांनी आग्रह केला, तरी ते परत घेतलं नाही.

जाण्याआधी आनिकाने त्यांना विचारलं होतं, तुमची हकीकत अहवालात नावानिशी लिहू का? काशिरामांनी मितालीकरवी सांगितलं, “लिवा. पण वाचता येत नाय एवढंच नका लिवू. पोरगा चोर समजला तरी मी तोंड उघडलं नाय, ते पण लिवा.”

अहवाल २०१४ साली आला. जाड, गुळगुळीत पानांचा, इंग्रजीत. कोमलने अर्थ लावत लावत त्यांना तो वाचून दाखवला. एका पानावर त्यांचा होडीतला फोटो होता. ‘एका कोळ्याच्या प्रामाणिकपणामुळे तीन देशांची पद्धत सुधारली’ असं खाली लिहिलं होतं. काशिरामांनी विचारलं, पुढे? कोमल म्हणाली, पुढे काही नाही, दुसरा विषय आहे. त्यांनी पान पुन्हा वाचायला लावलं. पोराचं त्यात कुठेच नव्हतं.

परेश सभेनंतर त्यांच्याशी बोलायला लागला होता, पण कामापुरतंच. त्या रात्रीचा प्रश्न दोघांनीही पुन्हा काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी काशिराम जासईला गेले. यार्डाच्या फाटकाबाहेर ट्रेलरांची रांग होती, धूळ होती. जेवणाच्या सुट्टीत परेश बाहेर आला आणि बापाला पाहून घाबरला. घरी काही झालं का, असं त्याने विचारलं.

“कायबी नाय झालं. त्या दिवशी तू किती घेतलेत इचारलंस,” काशिराम म्हणाले, “तवाच मी सांगाया पायजे होतं. तुझ्याफुडं अडाणी ठरायची लाज वाटली. म्हणून तुला चोराचा पोर करून ठेवला. ते सांगाया आलो.”

परेशने बुटाच्या टोकाने माती उकरली. मग म्हणाला, “बाबा, मी इथं लोकांना सांगितलं होतं, की माझ्या बापाने पैसे खाल्ले. त्यांनी इचारायच्या आधीच. माझं मला सुटावं म्हणून. नंतर खरं काय ते कळलं, तरी ते मागे घ्यायला मी कुणाकडे गेलो नाय.”

परेशने डबा आणला होता. दोघं फाटकाशेजारच्या कठड्यावर बसले आणि एकमेकांकडे न बघता जेवले. भोंगा वाजला तेव्हा परेश उठला, डबा बापाच्या हातात दिला आणि म्हणाला, “थांबा पाच मिनिटं. आत चला. मी सांगितलं होतं त्या दोघा-चौघांना भेटायचं हाय.”